‘इंट’ म्हणजे किती बाइट?

सी ही संगणकभाषा शिकलेल्या दोन माणसांना एक साधा प्रश्न विचारून पाहा : ‘इंट’ या प्रकारच्या चलाला किती बाइट जागा लागते? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शिकलेला म्हणेल दोन, अलीकडे शिकलेला म्हणेल चार. दोघेही ठासून सांगतील, आणि गंमत म्हणजे दोघेही बरोबर असतील.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हाताशी धरून महाराष्ट्रातल्या हजारो विद्यार्थ्यांनी ही भाषा गिरवली. त्या काळी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असे ते टर्बो सी. ते डॉससाठी आणि १६ बिटांच्या प्रक्रियकासाठी लिहिलेले होते, म्हणून त्यात इंट दोन बाइटचा. आजच्या संगणकावर जीसीसी वापरले तर इंट चार बाइटचा. ‘लाँग’ची तऱ्हा आणखी निराळी. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो आठ बाइटचा आणि त्याच संगणकावर विंडोज असेल तर चारच बाइटचा! यंत्र तेच, भाषा तीच, शब्द तोच. माप मात्र वेगळे.

आपल्याला हा प्रकार परका वाटू नये. मण म्हणजे चाळीस शेर हे सगळीकडे मान्य होते, पण शेर गावागणिक बदलत असे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. ‘दहा मण पाठवा’ अशी चिठ्ठी मुंबईहून कलकत्त्याला गेली तर काय होईल, याची कल्पना करावी. कोल्हापूरच्या गूळ बाजारातही नुसते ‘शंभर रवे’ म्हणून भागत नाही. रवा तीस किलोचा, दहाचा की पाचचा हे सांगावे लागते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, तेव्हा कुठे हा गोंधळ मिटला. सी भाषेत असा किलोग्रॅम यायला १९९९ साल उजाडले. त्याची गरज का पडली आणि तो आल्यावरही कोणती काळजी घ्यावी लागते, हे या लेखात पाहू.

सैल माप मुद्दाम ठेवलेले

प्रथम सी भाषेच्या बाजूने दोन शब्द. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत ही भाषा तयार केली ती १९७० च्या दशकाच्या आरंभी, आणि ती वाढली पीडीपी-११ या १६ बिटांच्या संगणकावर. पुढे ती इतर यंत्रांवर नेली गेली. १९७८ साली कर्निघन व रिची यांचे पुस्तक निघाले, त्यात चार यंत्रांचा तक्ता दिलेला आहे. पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा, आयबीएम ३७० वर ३२ बिटांचा आणि हनीवेलच्या एका यंत्रावर चक्क ३६ बिटांचा. त्या यंत्रावर एका अक्षरालाही आठ नव्हे, नऊ बिट लागत.

यामागे विचार होता. प्रत्येक यंत्राला एका झटक्यात उचलता येईल असा संख्येचा एक आकार असतो. इंट म्हणजे ‘या यंत्राला सोयीचा आकार’. वर्गातली मुले मोजायला किंवा शंभर संख्यांची बेरीज करायला याहून चांगले काही नाही. पुढे १९८९ च्या प्रमाण आवृत्तीतही इंटबद्दल एवढीच हमी दिली गेली, की तो निदान १६ बिटांचा असेल. किती मोठा, ते ज्याचे त्याने पाहावे.

जोवर सगळा व्यवहार घरातल्या घरात आहे, तोवर हे छान चालते. स्वयंपाकघरात आपण वाटीने तांदूळ मोजतो, मुठीने डाळ घेतो. कोणाचे काही अडत नाही. पण दुकानदाराशी व्यवहार करताना वाटी चालत नाही. संगणकाच्या बाबतीत हा दुकानदार म्हणजे बाहेरचे उपकरण : छपाईयंत्र, चकती, नेटवर्क कार्ड, वजनकाटा. या उपकरणांशी बोलणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हा दुभाष्या. एका बाजूला सी भाषा बोलणारी कार्यप्रणाली आणि दुसऱ्या बाजूला असे उपकरण, की ज्याची रचना कारखान्यातच ठरून गेलेली आहे. उपकरणाला तुमचा इंट किती बाइटचा आहे याच्याशी देणेघेणे नाही. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते : पहिला बाइट अमुक, पुढचे चार बाइट तमुक. त्यात बदल संभवत नाही.

उसाच्या काट्यावर

कोल्हापूर जिल्ह्यात काट्याचे उदाहरण घेतले की मुद्दा चटकन लक्षात येतो. हंगामात ऊस भरलेले वाहन कारखान्याच्या काट्यावर चढते. काट्याखालचे लोड सेल दाबाचे रूपांतर विजेच्या दाबात करतात, केबिनमधला इंडिकेटर त्याचा आकडा करतो आणि तो आकडा तारेवाटे संगणकाकडे जातो. मग काटापावती छापली जाते. भरलेल्या वाहनाचे वजन वजा रिकाम्याचे वजन म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. वर्षभराच्या कष्टाचे पैसे या एका आकड्यावर ठरतात, म्हणून काट्याबद्दल शेतकरी इतका हळवा असतो.

आता एक कल्पित इंडिकेटर घेऊ. तो किलोग्रॅममधले वजन दोन बाइटमध्ये पाठवतो. दोन बाइट म्हणजे १६ बिट, त्यांच्या ६५,५३६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. म्हणजे शून्यापासून ६५,५३५ किलोपर्यंत वजन सांगता येते. साठ टनी काट्याला हे पुरेसे आहे. समजा, भरलेल्या वाहनाचे वजन ३३,४०० किलो आले. ३३,४०० ला २५६ ने भागले तर भागाकार १३० आणि बाकी १२०. तेव्हा इंडिकेटर दोन बाइट पाठवील : आधी १२०, मग १३०.

संगणकाकडच्या आज्ञावलीत हे वजन ‘शॉर्ट’ किंवा टर्बो सीच्या इंटमध्ये घेतले, तर पडद्यावर दिसेल : उणे ३२,१३६ किलो! असे का व्हावे? सायकलच्या अंतरमापकावर चार आकडे आहेत आणि तो ०००० वर आहे असे समजा. चाक एक घर मागे फिरवले तर ९९९९ दिसेल. तेव्हा ‘९९९९ म्हणजे उणे एक’ असा संकेत ठरवता येतो, आणि असेच मागे जात निम्मे आकडे ऋण संख्यांना देऊन टाकता येतात. संगणकातही हेच करतात. १६ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत ३२,७६७ पर्यंतच धन संख्या बसतात. त्यापुढचे आकडे ऋण मानले जातात. ३३,४०० मधून ६५,५३६ वजा केले की उणे ३२,१३६ उरतात. तीच आज्ञावली चार बाइटच्या इंटवर चालवली, तर वजन बरोबर येईल. म्हणजे प्रयोगशाळेतल्या नव्या संगणकावर तपासताना दोष दिसणार नाही, आणि केबिनमधल्या जुन्या यंत्रावर दिसेल.

उलटही होऊ शकते. आज्ञावलीत ‘एका इंटइतके बाइट वाच’ असे लिहिले असेल, तर जुन्या संगणकावर दोन बाइट वाचले जातील आणि सर्व सुरळीत चालेल. तीच आज्ञावली नव्या संगणकावर नेली की चार बाइट वाचले जातील. पुढच्या दोन बाइटमध्ये वाहनाचा क्रमांक असेल, तर तोही वजनातच गिळला जाईल.

उपाय सरळ आहे. ज्या ठिकाणी उपकरणाने १६ बिटांची, चिन्हविरहित संख्या दिली आहे, तेथे अगदी तेवढेच म्हणायचे. १९९९ च्या सी प्रमाणाने ‘यूइंट१६_टी’, ‘यूइंट३२_टी’, ‘इंट६४_टी’ अशी नावे दिली. नावातच माप आहे आणि चिन्ह आहे की नाही तेही आहे. आरंभीचा ‘यू’ म्हणजे चिन्हविरहित. त्यापूर्वी जो तो आपापली नावे पाडत असे. लिनक्सच्या गाभ्यात ‘यू८’, ‘यू१६’, ‘यू३२’ अशी आटोपशीर नावे आहेत आणि ती आजही रूढ आहेत. विंडोजमध्ये १६ बिटांना ‘वर्ड’ म्हणत. पुढे यंत्रे ३२ आणि मग ६४ बिटांची झाली, तरी ‘वर्ड’ १६ बिटांचाच राहिला. शब्द जुना झाला, पण माप बदलले नाही, हेच त्याचे बळ.

हा अनुभव लिनक्सने फार लवकर घेतला. मूळ लिनक्स इंटेलच्या ३२ बिटांच्या प्रक्रियकासाठी होते. त्यात लाँग म्हणजे चार बाइट हे गृहीत धरून कोणी लिहिले तर बिघडत नसे. १९९५ च्या सुमारास ते अल्फा या ६४ बिटांच्या प्रक्रियकावर नेले गेले. तेथे लाँग आठ बाइटचा निघाला. उपकरणाच्या चार बाइटच्या नोंदीला लाँग म्हणणारी प्रत्येक ओळ मग दुरुस्त करावी लागते.

एकवीस की वीस-एक?

माप ठरले, तरी एक प्रश्न उरतो आणि तो आम्हाला सर्वांत मनोरंजक वाटतो. आपल्या इंडिकेटरने आधी १२० आणि मग १३० पाठवला. आज्ञावली लिहिणाऱ्याने समजा मोठा बाइट आधी येतो असे धरले. मग वजन होईल १२० गुणिले २५६ अधिक १३०, म्हणजे ३०,८५० किलो.

हा आकडा जरा नीट पाहा. तो ऋण नाही, हास्यास्पद नाही, अगदी खरा वाटणारा आहे. फरक फक्त २,५५० किलोंचा. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. त्या हिशेबाने एका खेपेत ८,६७० रुपयांचा फरक पडला. आणि यात कोणाची लबाडी नाही! शेतकऱ्याच्या नशिबाने खरे वजन ३०,८५० असते, तर पडद्यावर ३३,४०० दिसले असते आणि नुकसान कारखान्याचे झाले असते.

आता काटा दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो असे धरून वाहनावर दहा-दहा किलोच्या पिशव्या ठेवत जाऊ. खरे वजन ३३,४०० असताना पडद्यावर ३०,८५० आहे. दहा किलो वाढवले, खरे वजन ३३,४१०. याचे बाइट १३० आणि १३०. उलटे वाचा, सुलटे वाचा, उत्तर ३३,४१०! आणखी दहा किलो ठेवले की बाइट १४० आणि १३०, आणि पडद्यावर ३५,९७०. दहा किलोंची पिशवी ठेवली की आकडा २,५६० ने उडी मारतो. एकच वजन ठेवून तपासणी करणाऱ्याच्या हाती नेमके ३३,४१० आले, तर काटा निर्दोष ठरायचा. वैधमापन विभागाची माणसे काटा तपासताना वेगवेगळी प्रमाणित वजने ठेवून पाहतात, त्यामागे किती शहाणपण आहे हे यावरून कळावे.

मोठा भाग आधी की लहान भाग आधी, हा वाद संगणकाच्या आधीपासूनचा आहे, आणि आपण मराठी माणसे तर रोज तो जगतो. आपण ‘एकवीस’ म्हणतो : आधी एक, मग वीस. इंग्रजीत आधी वीस, मग एक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता हे शिक्षकांना आठवत असेल. जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथांत शब्दांनी संख्या सांगतानाही एकं स्थानापासून सुरुवात करत. इंटेलचे प्रक्रियक याच पंथाचे : लहान बाइट आधी. इंटरनेटवरून जाणाऱ्या पुडक्यांच्या शीर्षकात मात्र मोठा बाइट आधी असतो.

आणि आपले ‘एकशे पंचेचाळीस’? शंभर आधी, मग पाच, मग चाळीस. ना धड उतरता क्रम, ना चढता. अशी सरमिसळ यंत्रांतही आहे! पीडीपी-११ वर ३२ बिटांची संख्या साठवताना तिचे दोन अर्धे करत. मोठा अर्धा आधी, पण प्रत्येक अर्ध्याच्या आत लहान बाइट आधी. या यंत्राच्या तऱ्हेवाईक क्रमाला संगणकवाले हसतात, पण ‘एकशे पंचेचाळीस’ म्हणणाऱ्याने त्यांना हसू नये.

शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या ओतकाम कारखान्यांशी संबंध असलेल्यांना याचा आणखी एक नमुना परिचित असेल. विजेचे मापक, तापमान नियंत्रक यांसारखी उपकरणे संगणकाला जोडण्यासाठी ‘मॉडबस’ हा संकेत उद्योगांत सर्रास वापरला जातो. १९७९ साली मोडिकॉन कंपनीने तो काढला. त्यात प्रत्येक नोंद १६ बिटांची असते आणि नोंदीत मोठा बाइट आधी, हे ठरलेले आहे. पण युनिटांचा आकडा १६ बिटांत मावत नाही, म्हणून दोन नोंदी जोडून ३२ बिट करतात. त्या दोनांत मोठी आधी की लहान, हे संकेतात सांगितलेलेच नाही! काही उत्पादक एक क्रम वापरतात, काही दुसरा. नवा मापक बसवल्यावर तंत्रज्ञ अर्धा तास आकड्यांची उलटापालट करत बसतो, त्याचे कारण हे.

या प्रश्नावर ‘यूइंट३२_टी’ हे नाव काहीच मदत करत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. ते माप सांगते, क्रम सांगत नाही. म्हणून लिनक्सच्या गाभ्यात आणखी पुढे जाऊन ‘एलई३२’, ‘बीई३२’ अशी नावे ठेवली आहेत : ३२ बिट, लहान आधी, ३२ बिट, मोठा आधी. ‘स्पार्स’ नावाची एक तपासनीस आज्ञावली आहे. क्रम न बदलता अशी संख्या कोणी सरळ हिशेबात वापरली, तर ती इशारा देते.

रिकाम्या जागा

तिसरी अडचण सर्वांत छुपी आहे. आपल्या इंडिकेटरची पुढची आवृत्ती आली असे समजू. आता तो दरवेळी आठ बाइटची नोंद पाठवतो. पहिला बाइट स्थितीचा, पुढचे चार वजनाचे, दोन खेपेच्या क्रमांकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. पडताळा म्हणजे आधीच्या सात बाइटची बेरीज, २५६ ने भागून उरलेली बाकी. स्थिती १, वजन ३३,४००, क्रमांक ४१७ असेल, तर तारेवरून येईल :

१, १२०, १३०, ०, ०, १६१, १, १५७

आज्ञावली लिहिणारा शहाणा आहे. त्याने एक रचना केली आणि तिच्यात क्रमाने पक्क्या मापांचीच नावे लिहिली : ८ बिट, ३२ बिट, १६ बिट, ८ बिट. एकूण आठ बाइट. मग आलेले आठ बाइट त्याने जसेच्या तसे त्या रचनेवर ओतले. पडद्यावर वजन आले : २,६३,४१,२९,६६४ किलो. सव्वीस लाख टनांहून अधिक ऊस एका वाहनात! एवढा ऊस गाळायला जिल्ह्यातल्या मोठ्या कारखान्यालाही एकाहून अधिक हंगाम लागतील.

काय झाले? चार बाइटची संख्या स्मृतीत चारने भाग जाणाऱ्या ठिकाणी सुरू झाली, तर प्रक्रियकाला ती उचलणे सोपे जाते. काही प्रक्रियक इतर ठिकाणाहून उचलायला नकारच देतात. म्हणून भाषांतरकार, म्हणजे कंपायलर, आपल्याला न विचारता स्थितीच्या बाइटनंतर तीन बाइट रिकामे सोडतो. वजन पहिल्याऐवजी चौथ्या घरापासून सुरू होते, क्रमांक आठव्यापासून, पडताळा दहाव्यात, आणि शेवटी आणखी एक रिकामा बाइट धरून सगळी रचना बारा बाइटची होते. वाण्याने पुडे खोक्यात रचताना ते हलू नयेत म्हणून मध्ये कागदाचे बोळे घालावेत, तसा प्रकार. तारेवरून आलेल्या नोंदीत मात्र बोळे नव्हते. त्यामुळे वजनाच्या जागी पडले चौथ्या ते सातव्या घरातले बाइट (घरे शून्यापासून मोजायची) : ०, १६१, १, १५७. वाचकांनी गुणाकार करून पाहावा.

यावर दोन उपाय आहेत. कंपायलरला ‘बोळे घालू नकोस’ अशी सूचना देता येते. अशा रचनेला घट्ट बांधलेली म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे रचनेच्या फंदात न पडता एकेक बाइट घेऊन स्वतः संख्या जुळवायची : पहिला, अधिक दुसऱ्याची २५६ पट, अधिक तिसऱ्याची ६५,५३६ पट, असे. तारेवरून येणाऱ्या माहितीसाठी आम्हाला हा दुसरा मार्गच पसंत आहे. तो थोडा लांबचा आहे, पण त्यात माप, क्रम आणि रिकाम्या जागा हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात, आणि आज्ञावली कोणत्याही यंत्रावर तेच उत्तर देते.

खरे तर पुष्कळ काटे वजन अक्षरांच्या रूपातच पाठवतात : तीन, तीन, चार, शून्य, शून्य. त्यात यांतला कोणताच घोळ होत नाही. सेकंदाला चार-दहा वेळा वजन पाठवायचे असेल तर ही चैन परवडते.

नेटवर्क कार्डाला ती परवडत नाही. इंटेलच्या गिगाबिट कार्डांत आलेल्या प्रत्येक पुडक्यासाठी १६ बाइटची एक चिठ्ठी असते : आठ बाइट पत्ता, दोन लांबी, दोन पडताळा, एक स्थिती, एक चुका आणि दोन इतर. या चिठ्ठ्या संगणकाच्या स्मृतीत एकापुढे एक मांडलेल्या असतात. ड्रायव्हर त्यांत पत्ता लिहून ठेवतो आणि पुडके आले की कार्ड स्वतःच, प्रक्रियकाला न विचारता, ते त्या पत्त्यावर नेऊन टाकते. आता पत्त्याला कोणी लाँग म्हटले, तर ३२ बिटांच्या यंत्रावर चिठ्ठी बारा बाइटची होईल. कार्ड १६ बाइटची चिठ्ठी वाचणार; पत्त्याच्या निम्म्या भागात भलतेच आकडे असणार. कार्ड ते पुडके स्मृतीत कुठेतरी नेऊन टाकील. तेथे कोणाचे पत्र असेल, नाहीतर कार्यप्रणालीचाच एखादा भाग असेल. अशा चुकीने संगणक पडतो तो दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी, दुसरेच काही काम करताना, आणि दोष शोधायला आठवडे लागतात. म्हणून या रचनेत प्रत्येक घराचे माप लिहूनच दिलेले असते. मांडणीही अशी आहे की मोठी घरे आधी येतात आणि बोळ्यांना जागाच उरत नाही. यंत्र बनवणाऱ्यांनीही हा विचार केलेला असतो.

आणखी एक गोष्ट केवळ वाचण्याच्या मापाची. क्रमाने जोडणीच्या जुन्या पोर्टमध्ये, म्हणजे १६५५० या प्रसिद्ध चिपमध्ये, एकेका बाइटच्या नोंदी शेजारीशेजारी असतात. पहिलीतून आलेले अक्षर वाचले की ते तेथून निघून जाते, टपालपेटीतले पत्र काढल्यासारखे. काही नोंदी नुसत्या वाचल्यानेच त्यांतल्या चुकीच्या खुणा पुसल्या जातात. एक बाइट हवा असताना दोन बाइट एकदम वाचले, तर शेजारच्या पेटीलाही हात लागतो. येथे माप चुकणे म्हणजे उत्तर चुकणे नव्हे, यंत्राची स्थितीच बदलणे.

पक्के माप पुरेसे मोठेही हवे

पक्की मापे वापरली म्हणजे झाले, असे कोणी समजू नये. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत घालताना ती मावली नाही. माप अगदी पक्के होते. एरियान-४ साठी पुरलेही होते. नवा अग्निबाण अधिक वेगवान निघाला.

दुसरे उदाहरण अजून घडायचे आहे. युनिक्स परंपरेतली यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जेथे ही मोजणी ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत आहे, तेथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात जाईल. नव्या प्रणालींत ही मोजणी ६४ बिटांची केली आहे. प्रश्न आहे तो एकदा बसवून विसरलेल्या छोट्या नियंत्रकांचा.

उलट टोकालाही जाऊ नये. काही उत्साही विद्यार्थी हे शिकल्यावर प्रत्येक चल ‘यूइंट८_टी’ करू लागतात. दहा वेळा फिरणाऱ्या आवर्तनाचा मोजक आठ बिटांचा केल्याने काही वाचत नाही. कधी प्रक्रियकाला जास्तच काम पडते. आणि तो आकडा चुकून २५५ च्या पुढे जायचा असेल तर शून्यावर येऊन आवर्तन कधी संपतच नाही. घरात वाटीच बरी.

वर्गात करून पाहण्यासाठी

काटा किंवा नेटवर्क कार्ड न उघडता हे सारे पाहता येते. संगणकावरच्या चित्रकलेच्या साध्या आज्ञावलीत दहा बाय दहा ठिपक्यांचे चित्र काढा आणि ते २४ बिटांचे बिटमॅप म्हणून साठवा. फाइल ३७४ बाइटची भरेल. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे शंभर ठिपक्यांना तीनशे. मग ३७४ कसे? ५४ बाइटचे शीर्षक, आणि दर ओळीच्या ३० बाइटना चारच्या पटीत आणण्यासाठी दोन रिकामे. येथेही बोळे आहेतच.

आता फाइलचे पहिले चौदा बाइट एकेक करून छापा. पहिले दोन ६६ आणि ७७ असतील. पुढचे चार ११८, १, ०, ० : ११८ अधिक २५६ म्हणजे ३७४, लहान बाइट आधी. यानंतर १६, ३२, १६, १६, ३२ बिटांची घरे असलेली रचना करून तिचे माप ‘साइझऑफ’ ने छापा. चौदाऐवजी सोळा येईल. फाइल तिच्यात सरळ ओतली, तर चित्राचे आकारमान शून्य दिसेल. का, ते विद्यार्थ्यांनीच शोधावे.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक प्रश्न राहिला. दोन अंकी संख्या आणि तिचे अंक उलटवून मिळणारी संख्या यांच्यातला फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, हे मुलांना माहीत असते. जमाखर्च लिहिणारे जुने कारकून फरकाला नवाने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल शोधत. बाइट उलटे वाचले तर फरक कोणत्या संख्येच्या पटीत असेल? आपल्या काट्यावर तो २,५५० आला होता. आणि ३३,४१० सारखी, उलटसुलट सारखीच वाचली जाणारी, दहाच्या पटीतली आणखी किती वजने साठ टनांच्या आत आहेत? सुरुवात २,५७० पासून करावी.